दाबलं की जायचं

कट्.

दुपारचं घर चिडीचूप होतं. लहानगी लेक अनू पंख्याखाली पालथी झोपली होती, पाणी गेलेलं म्हणून नळही गप्प होता, आणि सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा, लहानसाच. सुमेधाचा हात सुपातच थांबला.

"पुन्हा वाजला," ती म्हणाली.

"पलंग वाजला," बाहेरून जयवंत.

"पलंगाला गुडघे कधी फुटले?"

थोड्या वेळाने भिंतीला हात लावत तो दारात येऊन उभा राहिला. दार पुरं भरलं. एवढा थोरला गडी, पण कालच्या सामन्यापासून त्याच्या पोटात लिंबूपाण्याखेरीज काही नव्हतं. सामन्याआधी वजनकाट्यावर उभं राहायचं, आणि काटा ऐंशीच्या पुढे सरकला की मैदानाबाहेर. जन्मभर ज्या देहाने त्याला पोसलं त्याच देहाला सामन्याच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, हा कुठला खेळ, असं सुमेधाला लग्नानंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं होतं. आता ती सवयीने डबा भरायची. उकडलेली रताळी, अंडी, गूळ. वजन झालं रे झालं की मैदानाच्या कडेला बसून तो डबा असा संपवायचा, की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

"दाखवा," ती म्हणाली.

"काही नाही गं."

"दाखवा म्हणते ना."

त्याने पायजमा वर केला. डाव्या गुडघ्याची वाटी सुजेत बुडाली होती. तिने बोट ठेवलं तर बोट आत रुतलं, आणि काढल्यावर खळगा तसाच राहिला. तांदूळ तिथेच टाकून ती तेल गरम करायला उठली. तिला काहीतरी करायलाच हवं होतं. गेले दोन महिने ती अशीच होती. बसली की उठायची, उठली की काय करायला उठलो ते विसरायची.

दिवाळीनंतर कळंबच्या किनाऱ्यावर रेतीत धावायचा त्याचा एकट्याचा सराव चालू होता. तिथे पाय खड्ड्यात गेला आणि गुडघा आतल्या आत फिरला. वसईच्या डॉक्टरांनी वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं, आणि म्हणाले, "आतली दोरी तुटत आलीये. सहा महिने मैदानाकडे बघायचं पण नाही." जयवंतने मान हलवली, बाहेर आला आणि रिक्षात बसल्यावर म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये." कुणाला म्हणजे कुणालाच. संघातला गडी दारात आला की सुमेधाने सांगायचं, हे गावी गेलेत, बहिणीचं लग्न आहे. जयवंतला बहीणच नव्हती. तिला एवढं खोटं कसं जमलं याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

जयवंत वालीवच्या एका कारखान्याच्या कबड्डी संघात होता. सकाळी सराव, दुपारी स्टोअरमध्ये काम, आणि नेमणूक वर्षाच्या कराराची. दर वर्षी करार सरला की छातीत धडधड. या वर्षी मात्र संघाचे व्यवस्थापक बॅप्टिस्टसाहेब स्वतः म्हणाले होते, "वसईची स्पर्धा होऊ दे जयवंत, मग तुला कायम करायचं बघतो. पण फिट पाहिजेस हां. एकतीस म्हणजे कबड्डीत म्हातारा." स्पर्धेचा अंतिम सामना आज पाच वाजता होता. आजचा एक दिवस गुडघ्याने काढला, की पुढे तो आयुष्यभर वाजला तरी चालणार होतं.

गुहागरकडच्या एका वाडीतून, शेणाने सारवलेल्या अंगणातून तो इथवर आला होता, आणि एवढ्या वर्षांत एकदाही चढाईला गेला नव्हता. जागा एकच, डावा कोपरा. चढाईवाला समोरून कबड्डी कबड्डी करत येतो, लोक त्याच्याकडे बघतात, टाळ्या त्याला, फोटो त्याचा. कोपऱ्यातल्या माणसाने वाकून उभं राहायचं, आणि एका क्षणी झेपावून घोटा धरायचा. त्यात बोटं मोडतात, नाक मोडतं, कान चुरगळून भज्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात शेवटच्या ओळीत येतं, 'पकडीत जयवंतने चांगली साथ दिली.' वर्षानुवर्षं तेवढंच. सुमेधा त्याला चिडवायची, "काय साथवाले, आज कुणाला साथ देऊन आलात?" तो हसायचा. पण गेल्या दिवाळीपासून तिने चिडवणं सोडलं होतं.

"टोपी तरी घाला गुडघ्याला," तेल चोळता चोळता ती म्हणाली.

"टोपी घातली की समोरच्याला पाटी दिसते, 'इथून जा.' सगळे माझ्याच अंगावर घालतील चढाया."

"मग निदान केनीला सांगा."

"केनीला तर नाहीच नाही. तो मला सांभाळत बसेल आणि मधली बाजू उघडी पडेल."

केनी म्हणजे त्याच्या शेजारी उभा राहणारा गडी. डाव्या कोपऱ्यात जयवंत, त्याच्या उजव्या हाताला केनी, दोघांचे हात एकमेकांत अडकवलेले. अशी ही साखळी. चढाईवाल्यावरून नजर हटवता येत नाही आणि तोंडाने बोलता येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातानेच. जयवंतने केनीचा हात दाबला, की दोघांनी एकदम जायचं. जयवंत घोट्यावर, केनी समोरून आडवा. एकाने पाय धरला म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर वजन येत नाही. एकटा जो जाईल तो चिरडला जाईल. म्हणून दाबल्यावर विचार करायचा नसतो. दाबलं की जायचं.

ही सवय इतकी मुरली होती, की झोपेत सुमेधाचा हात हातात असला तरी तो दाबायचा. लग्नानंतर पहिल्यांदा ती दचकून उठून बसली होती. आता तिला ते दाबणं ओळखू यायचं. हलकं असलं तर चढाईवाला अजून लांब आहे, जोरात आलं तर झाली पकड. आणि अनूचा तर तो लाडका खेळ. बापाने हात धरून वाकायचं, दोघांनी गादीकडे टक लावून बघायचं, आणि त्याने दाबलं की दोघांनी एकदम गादीवर झेप. कधी कधी तो मुद्दाम मागे राहायचा. मग अनू गादीवरून उठून कमरेवर हात ठेवायची. "बाबा, चीटिंग! दाबलं की दोघांनी जायचं!"

जयवंत आंघोळीला मोरीत गेला, तोच खाली स्कूटर थांबली. दोन-दोन पायऱ्या चढत केनी वर आला. एका हातात वेलची केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात हेल्मेट. तेवीस वर्षांचा, सडपातळ, नाताळात प्रिस्काशी साखरपुडा झाल्यापासून अंगाला अत्तर लावणारा.

"वहिनी, मम्मीने वाडीतली केळी पाठवलीत. दादाला आत्ता देऊ नका, काटा तुटेल."

"तू आत्ता एक खा आणि गप बस," जयवंत मोरीतून ओरडला. "आणि ते अत्तर धुऊन ये. काल समोरचा चढाईवाला शिंकत होता."

"त्याच्यामुळे तर त्याचा दम गेला, दादा! पॉइंट मला द्यायला पाहिजे होता."

आवाजाने अनू उठली आणि येऊन केनीच्या पाठीवर चढली. तिला तशीच पाठीवर घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मोरीत तांब्याचा आवाज चालू होता. केनीने आवाज खाली आणला.

"वहिनी, एक विचारू? दादाचा गुडघा कसा आहे?"

"का रे?"

"कालच्या मॅचला वाकून उभं राहताना तो डाव्यावर वजन देत नव्हता. मला हातात कळतं ना. विचारलं तर म्हणतो, तुझा भास. तुम्ही खरं सांगा. मला राग नाही यायचा. फक्त माहीत पाहिजे. तसं असेल तर आज मी जरा वेगळा उभा राहीन."

गरम तेलाची वाटी अजून ओट्यावरच होती. सुमेधाने तिच्यावर झाकण ठेवलं. अनू केनीचे केस ओढत होती. एक क्षण सुमेधाच्या जिभेवर सगळं आलं, कळंबची रेती, डॉक्टर, नसलेल्या बहिणीचं लग्न. मग तिला बॅप्टिस्टसाहेबांचं 'फिट पाहिजेस' आठवलं.

"बरा आहे," ती म्हणाली. "थंडीने जरा आखडतो, एवढंच."

केनीचा चेहरा मोकळा झाला. "मग ठीक. तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं."

निघताना सुमेधाने नेहमीप्रमाणे जयवंतच्या उजव्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. दोन्ही गडी स्कूटरवर बसले. स्कूटर एका बाजूला कलली.

"स्कूटरला सांग, संध्याकाळपर्यंत दम धर," केनी म्हणाला आणि दोघं हसत गेले.

*

अनूला घेऊन ती बसने वसईला पोचली तेव्हा मैदानावर पाणी मारून झालं होतं. ओल्या मातीचा वास, चुन्याच्या रेषा, भोवती माणसांचं कडं. बायकांच्या बाजूला सतरंजीवर केनीची आई, फ्लॉसीमावशी, बसली होती. तिने हात करून बोलावलं. "ये गो, इथं ये. जागा धरून ठेवलीय तुझी."

फ्लॉसीमावशींनी अनूला मांडीवर घेतलं, पिशवीतून शेंगा काढून दिल्या. "माझा केनी घरी दादा-दादा करून डोकं खातो. प्रिस्काला मी सांगून ठेवलंय, बाई, तुला सवत आहे म्हणून, आणि ती कोपऱ्यात उभी राहते."

सुमेधा हसली. तिला नीट बसता येईना. मांडी घातली, पाय पसरले, पुन्हा मांडी घातली.

मैदानात उतरताना केनीने माती कपाळाला लावून क्रूस काढला. जयवंतने वाकून चिमूटभर माती गुडघ्याला लावली. नेहमी तो कपाळाला लावायचा. हे सुमेधाखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला डाव बरा गेला. जयवंतने दोन पकडी केल्या, दोन्ही वेळा उजव्या पायावर भार टाकून. लोक केनीचं नाव घेऊन ओरडले, कारण आडवा जाताना दिसतो तो केनी. सुमेधा लोकांकडे बघतच नव्हती. ती बघत होती तो पांढरा अंगठा. बाकी कुणाला साखळीतलं बोलणं दिसत नसेल, पण तिने स्वतः गुंडाळलेली ती पट्टी तिला तेवढ्या लांबूनही दिसत होती. अंगठा खाली दबला, की दोन अंगं एकदम सुटायची, एका धनुष्यातून दोन बाण सुटावेत तशी.

दुसऱ्या डावात जयवंत उठताना हात टेकू लागला. बॅप्टिस्टसाहेबांनी बाहेरून विचारलं, "जयवंत, ओके?" त्याने अंगठा वर केला. तोच अंगठा.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा कारखान्याचा संघ एका गुणाने पुढे होता. समोरून श्रीपत चढाईला आला. ठाण्याकडच्या संघाचा हुकमी एक्का, उंच, खांद्यांनी रुंद, पायाला वारा लागल्यासारखा. तो सरळ डाव्या कोपऱ्यात घुसला. काय ओळखायचं ते त्याने ओळखलं असावं. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा पुढे टाकला, जयवंतच्या अगदी हाताशी.

पांढरा अंगठा दबला.

केनी गेला. जसा नेहमी जायचा तसाच, अंग झोकून, श्रीपतच्या परतीच्या वाटेवर आडवा.

जयवंत गेला नाही.

तो वाकला, पुढे झुकला, आणि तिथेच राहिला. हात सुटला. श्रीपतचा घोटा कुणीच धरला नव्हता. तो सगळ्या वजनानिशी, सगळ्या वेगानिशी केनीच्या छातीवर आला. केनीने मिठी सोडली नाही. दोघे मातीत आपटले, वरून बाकीचे गडी कोसळले, श्रीपतचा दम तुटला, शिट्टी वाजली, आणि मैदान एकच ओरडलं. गुण कारखान्याला.

ढीग उपसला तेव्हा सगळ्यांत खाली केनी होता. डावा खांदा भलतीकडेच लोंबत होता.

फ्लॉसीमावशींनी सुमेधाचा हात धरला. ओठांतल्या ओठांत मरियामातेला आळवत त्यांनी तो हात दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सुमेधाला हात काढून घ्यावासा वाटला. तिने काढला नाही. मैदानात जयवंत आपल्या कोपऱ्यात उभा होता. उजवा हात अजून अर्धवट पुढे होता, बोटं उघडी, जणू कुणीतरी येऊन त्यात हात देणार होतं.

*

केनीचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं, शिवाय दोन फासळ्या. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल, खांद्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सुमेधा पेज घेऊन दवाखान्यात गेली. उशाशी प्रिस्का बसली होती, रडून डोळे सुजलेले. केनीला हसताना दुखत होतं, तरी तो हसला.

"वहिनी, जिंकलो ना? पॉइंट आपला."

"हो रे. बोलू नकोस."

"बॅप्टिस्टसाहेब आले होते. म्हणाले, जयवंतने इशाऱ्याची वेळ काय साधली! कायम करणार दादाला, पक्कं." मग दम घेऊन म्हणाला, "दादाचा पाय घसरला असेल. माती ओली होती तिथे. त्याला सांगा, मनाला लावून घेऊ नको. बरं झालं मी तुम्हाला विचारून घेतलं होतं. नाहीतर मनात शंका राहिली असती, आणि मी अर्धाच गेलो असतो. अर्धा गेलेला माणूस पॉइंट पण घालवतो आणि हाड पण."

सुमेधाने पेजेचा डबा उघडला, मग बंद केला, मग प्रिस्काच्या हातात दिला. "गरम आहे, सांभाळून," एवढंच तिला म्हणता आलं. बाहेर पडताना व्हरांड्यात फ्लॉसीमावशी भेटल्या. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू कशाला रडते गो? खेळ आहे. आपले नवरे, आपली पोरं, देवाच्या हाती."

घरी आली तेव्हा जयवंत खिडकीपाशी खाली बसला होता, पाय पसरून. कामावर गेला नव्हता. समोर चहा ठेवला होता, त्यावर साय धरली होती. अनू शेजारी बाहुलीला गादीवर पाडत होती, पुन्हा उचलत होती.

"कसा आहे?"

"हसतोय."

जयवंतने मान खाली घातली. मग म्हणाला, "मी जाऊन सांगू का त्याला?"

"काय सांगणार?"

"तेच तर."

तिने चहाचा कप उचलला, साय बोटाने बाजूला केली, कप परत होता तिथे ठेवला. तिचे हात एका जागी राहत नव्हते. शेवटी ती त्याच्यासमोर बसली आणि दोन्ही हात पदराखाली घातले.

"गुडघा आला नाही ना?" तिने विचारलं. 'आला नाही' असंच त्याने म्हणावं म्हणून तिने प्रश्नच तसा केला होता.

"उजव्या पायावर जाता आलं असतं, सुमे. त्याआधी दोनदा गेलो होतो." तो खिडकीबाहेर बघत होता. "दाबलं तेव्हा जायचंच होतं. देवाशप्पथ. मग मधेच डोक्यात आलं, आता हा मोडला तर संपलं सगळं. एवढुसंच. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढं. एवढ्या वर्षांत दाबल्यावर कधी काही डोक्यात आलं नव्हतं. आता पाय आला नाही, की मी आणला नाही, माझं मलाच कळत नाही."

"केनी म्हणाला, पाय घसरला असेल."

"म्हणणारच. चांगला आहे तो."

"आणि त्याने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "सामन्याच्या आधी. तुम्ही आंघोळ करत होता तेव्हा. मी म्हटलं, बरा आहे."

जयवंतने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसता हात पुढे केला. अंगठ्याची चिकटपट्टी कालचीच होती, मळून काळी झालेली. तिने हात हातात घेतला आणि नखाने पट्टीचं टोक शोधू लागली. टोक सापडेना. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. शेजारच्यांचा कुकर शिट्टीला आला. या घरात आता पगार दर महिन्याला येणार होता, दर वर्षीची धडधड संपणार होती, आणि तरी दोघांपैकी एकालाही जागचं उठवेना.

बाहुली टाकून अनू उठली. दोघांच्या मधे येऊन तिने त्यांच्या गुंतलेल्या हातांकडे बघितलं. मग बापाच्या चेहऱ्याकडे. त्याने नजर वळवली. तेव्हा तिने आईचा दुसरा हात पदराखालून ओढून काढला, आपल्या दोन्ही चिमुकल्या हातांत धरला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

"आई," ती म्हणाली, "दाबलं की दोघांनी जायचं असतं ना? मग केनीकाका एकटेच का गेले?"